गरम लोखंडाची पट्टी

शबानाचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होते आणि समोर सात-आठ माणसं चिठ्ठ्या धरून उभी होती. शबाना म्हणजे हसनचाचांची सून. "अब्बा गेले, ताई... सकाळी. अंगणातच," एवढंच ती बोलली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुढच्या आजोबांना कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली जेवणानंतर ते नीट समजावून सांगितलं. आजोबा गोळ्या घ्यायचे सोडून माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. चाळिसावाही झाला. पण रविवारची दुपार आली की अजून माझा हात स्कूटरच्या किल्लीकडे जातो... भिगवणवरून पळसदेवला जायची सवय इतक्यात सुटायची नाही.

हसनचाचा मुलाणी लोणी देवकरच्या एका कारखान्यात तीसएक वर्षं लाकडी साचे करायचे. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. कुणी त्यांना सुतार म्हटलं की चाचांचं डोकं फिरायचं. "सुतारानं केलेलं माणूस वापरतंय. मी केलेलं वाळूत दाबून काढून टाकत्यात. माझं काम म्हंजे पोकळी," असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे. त्या तीस वर्षांत करवतींनी आणि ग्राइंडरनी त्यांचे कान खाल्ले. आधी पाखरं गेली, मग नातवंडांचे आवाज, मग शबानाचा. जाड आवाज तेवढे उरले: हायवेवरचे ट्रक, ढगांचा गडगडाट, पाण्याची मोटार. कानात यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारायचं आणि नको ते बोलणं निघालं की चाचा ते काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. घरातली माणसं एकतर ओरडून बोलायची, नाहीतर हसून मान हलवायची. "सगळं झ्याक हाय अब्बा," हे इकबालचं, त्यांच्या मुलाचं, ठरलेलं वाक्य.

त्या यंत्राची बॅटरी घ्यायला ते माझ्या खिडकीवर आले होते. मला एक खोड आहे. काम नसलं की डाव्या हाताची बोटं फळीवर चालू असतात. चाचांनी फळीवर तळवा टेकला, जरा वेळ तसाच ठेवला आणि विचारलं, "काय वाजवतीयास?" मी सांगितलं, बेस गिटार. पुण्यात शिकत असताना मित्रांची उसनी घेऊन वाजवायचे. मी डावखुरी, त्यामुळे ती उलटी धरायची. तारा वरच्या खाली, खालच्या वर. नोकरी लागली, लग्न झालं, ती उसनी गिटारही गेली आणि बोटं तेवढी राहिली. त्या गिटारीचा आवाज कसा असतो, ते त्यांना हवं होतं. जाड, मी म्हटलं, सगळ्यांच्या खाली चालणारा, कुणाच्या लक्षातही न येणारा. चाचांचा चेहरा असा उजळला की मागची रांग मी विसरले. "मंग करू की आपण. मला तेवढंच ऐकू येतंय, डावरे." तेव्हापासून माझं नाव डावरी पडलं ते पडलं.

मला ती थट्टाच वाटली होती. पण पुढच्या रविवारी गेले तर धरणाच्या पाण्याच्या काठच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटारीच्या लाकडासाठी एक जुना साचा काढून ठेवलेला होता. साखर कारखान्याच्या एका दातेरी चाकाचा, सागवानी, वर तांबडा रंग. कधीचा भंगारात निघालेला, चाचांनी मागून आणलेला. लाकूड कापलं तरी वर्षानुवर्षं हलत असतं, ते सांगायचे. कधी ओल धरतं, कधी वाळतं, कधी वाकतं. "ह्याचं सगळं हलून झालंय. आता ते गप बसलंय," असं म्हणून त्यांनी त्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

पुढचे सोळा-सतरा महिने मी नेमके कुठे होते, कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. घर होतं, नोकरी होती, मुलीची परीक्षाही होऊन गेली असणार. आठवतात त्या फक्त दुपारी. पत्रा तापून टकटक वाजायचा, पाण्यावरून गार वारा यायचा, शबाना तळलेल्या माशाची ताटली आणून ठेवायची आणि चाचा डोळे मिटून लाकडावर तळवा फिरवत असायचे. डोळ्याला फसवता येतं, हाताला नाही, असं त्यांचं म्हणणं. पाणी उतरायला लागलं की लांबवर बुडालेल्या देवळाचं शिखर वर यायचं, दर रविवारी वीतभर जास्त. गिटारीचं धड आखायचं तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवलं, मांडीवर फळी दिली आणि माझ्या फासळ्यांच्या कडेनं पेन्सिल फिरवली. मी अंग चोरून बसले होते. "श्वास घे की गं, वाद्य तुझ्यासंग श्वास घ्याया पायजे," ते म्हणाले. दांडीवर शिसवी फळी बसली, तिच्यावर धातूचे बारीक पडदे बसायचे होते. पडदा म्हणजे बोट कुठं दाबायचं ती जागा. ती केसभरही चुकून चालत नाही. मी गणित करून सगळी मापं कागदावर लिहून दिली आणि चाचांनी आपल्या जुन्या पोलादी पट्टीनं ती तीन रविवार लावून आखली. शेवटी राहिली घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती. चाचा म्हणाले, ती खूण तू कर, तुझं वाद्य आहे तर एक तरी रेघ तुझी पाहिजे. मी पर्समधून टेप काढला, श्वास रोखून मोजलं आणि रेघ मारली.

तारा चढवल्या त्या दिवशी शबाना, इकबाल, शेजारचे दोघं-तिघं जमले होते. चाचांनी खुर्ची ओढली आणि गिटारीच्या वरच्या शिंगावर, म्हणजे धडाच्या पुढे आलेल्या टोकावर, हनुवटी टेकली. मी सगळ्यात जाड तार छेडली... त्यांचे डोळे आपोआप मिटले. हाडातून येतंय, ते म्हणाले, दातापर्यंत येतंय. आणि मी मात्र आतून गार पडत चालले होते. कारण बोट जसजसं वर सरकत होतं तसतसा सूर चढत होता. मोकळी तार बरोबर, मधले सूर जरासे वर, त्याच्या वरचे अजून वर. "सुरात हाय?" चाचांनी विचारलं. मी त्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, हात थोडा कापायला लागलेला. मी म्हटलं, एकदम सुरात आहे चाचा.

मला वाटलं, मी चांगलंच केलं. घोडीचे पेच मागे घेऊन पाहिले. ते घेऊन घेऊन संपले, फरक राहिलाच. मग ठरवून टाकलं की वरचे सूर वाजवायचेच नाहीत. दोन महिने मी त्यांच्यासमोर दांडीच्या खालच्या टोकाशीच घुटमळत राहिले. मीच एकदा त्यांना सांगून बसले होते की ह्या वाद्यावर एकच सूर दोन तारांवर दोन जागी सापडतो. "म्हंजे एका गड्याची दोन घरं," म्हणून ते खूप हसले होते. मग एका दुपारी हनुवटी टेकून ते म्हणाले, त्या गड्याला दोन्ही घरांतनं एकदम बोलव. मला टाळता येईना. मी दोन्ही तारा एकदम छेडल्या.

"हालतंय," चाचा म्हणाले. "लाट येतीया. पाणी काठाला लागतंय तसं... येतंय, जातंय." हनुवटी न उचलताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या दिसापास्नं हाय?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, म्हणजे आता मला काही बोलायची सोय उरली नाही. मग अगदी शांतपणे म्हणाले, "घरात सगळीच गोड बोलत्यात, त्याचं काय न्हाय. पर ज्याला ऐकू येत न्हाय त्याला खोटं सांगू नये, पोरी. त्याला तपासता येत न्हाय."

दोन रविवार मी गेले नाही. तोंड नव्हतं. तिसऱ्या रविवारी गेले तर चाचा बाकावर वाकून एकेक पडदा पुन्हा मोजत होते. सगळे बरोबर होते. त्यांच्या पट्टीनं तर तंतोतंत. मग घोडी तपासू म्हणून मी टेप काढला आणि तो सहज त्यांच्या पट्टीशेजारी पडला. दोघांचे आकडे सुरुवातीला जोडीनं निघाले, मग एक हळूच मागे राहायला लागला आणि पट्टी संपेपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडला. चाचांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. मग मटकन खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून साचा मुळात थोडा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब नको म्हणून साचेवाल्यांच्या पट्टीवरचे आकडेच थोडे ताणून कोरलेले असतात. ती पट्टी तीस वर्षं हातात राहिल्यानं ती वाढीव आहे हे हातच विसरून गेला होता. पडदे तिनं आखले आणि घोडी माझ्या टेपनं. "तुझा टेप थंड लोखंडाचा हाय," ते म्हणाले, "माझी पट्टी अजून गरम हाय."

घोडी नऊएक मिलिमीटर मागे सरकवली आणि लाट थांबली. आधीच्या पेचांची पाच भोकं उघडी पडली, ती त्यांनी सागवानी खुंट्या ठोकून बुजवली. वरून रंग द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. चूक दोघांची आहे, सही म्हणून राहू दे, म्हणाले. त्यामुळे माझी गिटार नेहमीच्या बेस गिटारीपेक्षा शंभराला एक ह्या मापानं लांब आहे आणि बोटं तेवढी जास्त ताणावी लागतात.

ह्या हिवाळ्यात चाचांना आमच्याच दवाखान्यात आणलं. त्यांची औषधं माझ्याच खिडकीतून जायची, त्यामुळे आजार हाताबाहेर गेलाय हे मला निराळं सांगायची कुणाला गरज नव्हती. दुपारच्या सुट्टीत मी वर जायचे. इकबाल पायाशी बसून म्हणायचा, "सगळं झ्याक हाय अब्बा, पंधरा दिसात उठून बसताल." एकदा इकबाल चहाला गेला तेव्हा चाचांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "डावरे, तू औषधं देतीस. हितनं बरा हून जाईन का?"

मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. यंत्र खिशात होतं, म्हणजे शब्द नको होते. मी मान हलवली. नाही. त्यांनी माझा हात धरला, दाबला आणि म्हणाले, "बरं झालं. पर इकबालला कळू देऊ नगं की मला ठावं हाय. पोरगं खचंल." दुसऱ्याच दिवशी त्यांनी इकबालला सांगितलं की आता फार बरं वाटतंय, घरी चल. इकबालही हसत हसत त्यांना घेऊन गेला.

अंगणात खाट टाकली होती, पाणी दिसेल अशी. घरी आणल्यावर पाच दिवसांनी मी गिटार घेऊन गेले आणि तिचं शिंग त्यांच्या हनुवटीला लावलं. बारीक तारांवर त्या गड्याला दोन्ही घरांतून बोलावलं. "लाट न्हाय," चाचा पुटपुटले. मग, "सुरात हाय?" मी कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, जाड तार जराशी उतरलीय चाचा. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यानंतर चार दिवसांनी शबानाचा फोन आला.

चाळिसाव्याला जेवणं उरकल्यावर इकबाल मला शेडमध्ये घेऊन गेला. खिडकीची फळी कुजली होती म्हणून त्यानं नवी कापली होती, ती काही केल्या बसेना. चौकट टेपनं मोजली, फळी अब्बांच्या पट्टीवर आखली, दोनदा तपासली, तो वैतागून सांगत होता. मी टेप आणि पट्टी शेजारी ठेवून त्याला दाखवलं. त्यानं एकदा हे पाहिलं, एकदा ते, आणि बाकावर बसला. इतकी वर्षं पट्टी घरात, आणि मला कधी बोलले नाहीत, म्हणाला. मग त्यानं पाण्याकडे बघत विचारलं, "एक बरं झालं ताई. अब्बांना शेवटपतूर कळलं न्हाय. बरं वाटतंय म्हणतच गेले... व्हय ना?"

इकबालला कळू देऊ नगं, हे चाचांचं सांगणं मला आठवलं, आणि ज्याला तपासता येत न्हाय त्याला खोटं सांगू नये, हेही आठवलं. इकबाललाही आता तपासता येणार नव्हतं.

"त्यांना ठाऊक होतं, इकबालभाई," मी म्हटलं. "तुम्ही खचू नये म्हणून ते बोलले नाहीत."

चाचांचा शब्द मी मोडला की पाळला, ते मला अजून ठरवता येत नाही. इकबालनं तोंड फिरवलं. त्याची पाठ हलत होती. तसाच पाठमोरा तो बोलला, "म्हंजे घरी आणल्यापास्नं नऊ दिस आमी दोघं बी सोंगच..." आणि पुढे रडता रडताच त्याला हसू फुटलं. मीही हसले, मीही रडले. मग मीच विषय काढला, की फळीला कडेनं रंधा मारला तर बसेल. त्यानं फळी उचलून चौकटीला लावली. ती तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर राहिली आणि त्या फटीतून उन्हाची एक रेघ चाचांच्या बाकावर पडली.

"ऱ्हाऊ द्या," इकबाल म्हणाला.

परवाच्या रविवारी पुन्हा जाऊन आले. फळी तशीच आहे. खिडकी काही पुरती लागत नाही.