राक्षसाची चौकशी

पुसदच्या टॉकीजबाहेरचा सोडावाला सिनेमा कसा वाटला ते ऐकल्याशिवाय बाटली हातातून सोडत नाही. त्या दिवशी आम्ही राक्षसाचा जुनाच सिनेमा, कोट्यवधी ओतून नव्याने काढलेला, पाहून बाहेर पडलो. कोणी म्हणालं, जुना रबरी राक्षसच बरा होता. कोणाला नव्याचे डोळे जिवंत वाटले. सोडावाल्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, “भाऊ, या खेपीबी मारलं का त्याले?”

“मारलं.”

त्याचा अंगठा बाटलीतल्या गोळीवर तसाच राहिला. “येवढा पैसा लावला, अन् त्याले वाचवता नाही आलं?”

सोडा फोडून त्याने माझ्या हातात दिला आणि माझ्यामागून येणाऱ्याला गाठलं. “तुमी सांगा भाऊ, वाचला ना तो?”