आठ नंबरचा ट्रायलिस्ट

पोर्टगार्व्हीच्या माणसांना तोंडभरून कौतुक करता येत नाही. कुणाचं लग्न झक्क पार पडलं तर म्हणतात, "पाऊस आला नाही, ते एक बरं झालं." कुणाचा मुलगा डॉक्टर झाला तर म्हणतात, "बघू या, सर्दी तरी बरी करतो का." अशा या गावाने आयुष्यात एकदाच ताळतंत्र सोडलं होतं, ते स्ट्रुअन लॉरिमरच्या बाबतीत. सोळाव्या वर्षी त्याला ग्लासगोच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबाने उचललं, तेव्हा त्याला निरोप द्यायला स्टेशनावर पाइप-बँड आला, मासळीबाजार दुपारीच बंद झाला आणि खाटकाने दुकानाच्या काचेत सॉसेजच्या माळेशेजारी त्याचा फोटो लावला. बापाच्या मयतीलाही डोळ्यांतून टिपूस न काढणारा डोड मेल्डरम त्या दिवशी गाडी हलल्यावर पाठ फिरवून नाक शिंकरत होता. गावाने पुढे कधी असला वेडेपणा केला नाही, पण एकदा केला तो स्ट्रुअनला चांगलाच महागात पडला.

कारण स्ट्रुअन काही गोलांचा पाऊस पाडणारा गडी नव्हता. तो मधल्या फळीतला. मागच्यांच्या पायांतून चेंडू काढून घ्यायचा, मान वर करून बघायचं आणि ज्याला हवा त्याच्या पुढ्यात अलगद ठेवायचा, एवढंच त्याचं काम. ते तो देखणं करी. पण मोठ्या क्लबात असं देखणं काम करणारे आणखीही होते आणि ते त्याच्याहून चपळ होते. तीन वर्षं बाकावर बसून झाल्यावर एका सामन्यात त्याला शेवटची काही मिनिटं मैदानात सोडलं. घाम यायच्या आत शिट्टी वाजली. मग कधी या क्लबाला उसना दे, कधी त्या, असं करत तो इंग्लंडमधल्या खालच्या विभागात गेला. कुठे एक मोसम, कुठे दोन. चिखलाची मैदानं, लांबचे बसप्रवास, भाड्याच्या खोल्या. खेळून पोट भरत होतं आणि त्याची तक्रार नव्हती. फक्त घरी जायचं म्हटलं की डोळ्यांपुढे तो पाइप-बँड उभा राही, आणि तो आईला फोन करून सांगे, "या खेपेला जमत नाही गं, तूच ये." त्याची आई एफी बिचारी मेंढीच्या लोकरीचे मोजे आणि ओटची बिस्किटं घेऊन आगगाडीने जाई.

एकतिसाव्या वर्षी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि इंग्लंडमधल्या क्लबाने हात जोडले. ऐन हिवाळ्यात स्ट्रुअन बॅग घेऊन आईच्या दारात उभा राहिला. एफीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "पाय पूस आणि आत ये. सूप गरम आहे." हॅडॉक माशाचं सूप त्याने मान खाली घालून प्यायलं. त्याला खेळाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि आणखी काही वर्षं खेळायला मिळावं याशिवाय दुसरं काही नकोही होतं.

गावचा क्लब थिसल. सगळ्यांत खालचा विभाग. गोलरक्षक पोस्टमन, कर्णधार वेल्डर, आणि मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची टपरी, जिथे एफी लॉरिमर दर शनिवारी खिमा भरलेले गरम पॅटिस विकायची. मॅनेजर अ‍ॅलिक रेनी त्याच मोसमात दक्षिणेकडून, फाइफहून, आलेला.

"गुडघा कसा आहे?" रेनीने विचारलं.

"चालतो."

"चालतो की पळतो?"

"ते तुम्हीच बघा."

"तीन सामने ट्रायलिस्ट म्हणून खेळ. मग ठरवतो."

आमच्याकडची ही जुनी रीत. करार होईपर्यंत खेळाडूचं नाव जाहीर करायचं नाही. संघाच्या कागदावर नावाच्या जागी 'ट्रायलिस्ट' छापायचं. का, तर त्याला दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून म्हणे. थिसलच्या मैदानावरून कुणाला काय पळवायचं असतं ते देव जाणे, पण नियम म्हणजे नियम.

शनिवारी सँडी मिल्नने भोंग्यावरून संघ वाचला. सँडी गावातली मयतं पोहोचवण्याचं काम करतो, त्यामुळे आपला संघही तो जड अंतःकरणाने वाचतो. "क्रमांक सात, पीटर ग्रे. क्रमांक आठ..." इथे तो थांबला. मैदानाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने स्ट्रुअनला लंगोटात असल्यापासून पाहिलेलं. "क्रमांक आठ, ट्रायलिस्ट." लोकांनी आठ नंबरकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सगळे मुकाट्याने समुद्रावरून येणाऱ्या ढगांकडे बघायला लागले.

स्ट्रुअन वाईट खेळला. चेंडू पायाखालून निसटत होता, पास नको त्या माणसाकडे जात होते, गुडघा सांभाळताना बाकीचं शरीर विसरत होतं. पण कुणी हुर्यो केली नाही. कुणी नावही घेतलं नाही.

सोमवारी तो पाव आणायला बेकरीत गेला, तर डोड मेल्डरम रांगेत पुढे. म्हातारा वळला आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "शनिवारी सामन्याला होतास का रे?"

स्ट्रुअन गडबडला. "होतो. म्हणजे... तिथेच होतो."

"तो नवा ट्रायलिस्ट बघितलास?"

"ओझरता."

"बरा आहे. पण घाबरलंय लेकाचं. चेंडू येण्याआधीच तो कुठे द्यायचा हे पूर्वी त्याचं ठरलेलं असायचं." डोडने घसा खाकरला. "असायचं असेल, असं आपलं मला वाटतं. मी काय त्याला ओळखत नाही. तुझी गाठ पडलीच तर सांग त्याला."

"सांगतो."

"आणि म्हणावं, इथे त्याला कुणी खात नाही."

बेकरीवाली मॅगी मान खाली घालून पाव गुंडाळत होती. तिचे खांदे हलत होते. स्ट्रुअन बाहेर आला, धक्क्याच्या भिंतीला टेकून पोटभर हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. गाव काय करत होतं ते त्याला कळलं. नियमाचा आडोसा करून ते त्याला झाकत होतं. जमलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर कोण कुठला ट्रायलिस्ट आला आणि गेला, लॉरिमरांच्या मुलाने काही गमावलं असं कुणी पाहिलेलंच नाही. चौदा-पंधरा वर्षं पाठीवर वागवलेला तो बँड त्या दिवशी कुणीतरी हळूच उतरवून ठेवला असं त्याला वाटलं. इतकं त्याच्यासाठी कुणीच कधी केलं नव्हतं.

आई तर या सगळ्यांच्या वरताण. रात्रीच्या जेवणाला बटाटे वाढताना म्हणाली, "तुमचा तो आठ नंबर डाव्या पायावर भार देत नाही. टपरीतून दिसतं मला."

"गुडघा दुखत असेल त्याचा."

"दुखत नाहीये. दुखेल म्हणून भितोय. तुला भेटला तर सांग."

"सगळे मलाच का सांगतायत?"

"तू रिकामा आहेस म्हणून," एफी म्हणाली.

दुसरा सामना शेजारच्या क्रेगनेसशी, म्हणजे पिढीजात वैर. पंधरा मिनिटं होतात न होतात तोच त्यांच्यातला एक जाडा माणूस कुंपणावरून ओरडला, "अरे, हा तर लॉरिमर! ग्लासगोचे साहेब! बँड कुठे ठेवला साहेब?"

डोड सावकाश त्याच्याकडे वळला. "कोण लॉरिमर?"

"तो काय, तो आठ नंबर!"

"तो ट्रायलिस्ट आहे. कागदावर छापलंय. क्रेगनेसला अजून शाळा निघाली नाही वाटतं."

जाड्या हार मानणारा नव्हता. मध्यंतरात तो टपरीवर गेला. "बाई, तुम्ही सांगा. तो तुमच्याच गावचा लॉरिमर ना?"

एफी लॉरिमरने डोळे बारीक करून मैदानाकडे पाहिलं, आपल्या पोटच्या पोराला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि म्हणाली, "नाही बाई, कधी पाहिल्यासारखा वाटत नाही. पॅटिस एक देऊ की दोन?"

हे स्ट्रुअनला कर्णधाराने सांगितलं, तेव्हा त्याला इतकं हसू आलं की उत्तरार्धात भीती शिल्लकच राहिली नाही. तो चांगला खेळला. तिसऱ्या सामन्यात तर फारच. शेवटी शेवटी त्याने डाव्या पायावर पूर्ण भार देऊन एक लांब पास असा ठेवला की पीटर ग्रेला फक्त पाय लावायचं काम उरलं. लोकांनी पीटरच्या नावाने गळे फाडले. आठ नंबरच्या नावाने कुणी ब्र काढला नाही.

आणि इथेच सगळं फिस्कटायला आलं. सामना संपल्यावर रेनीने त्याला खोलीत बोलावलं. मॅनेजरचा चेहरा उतरलेला होता.

"खेळलास उत्तम. पण मी तुला घेऊ की नको, या विचारात आहे. तू इथलाच ना?"

"हो."

"मग हे काय आहे? तीन सामने मी कान देऊन ऐकतोय. तुझं नाव एकाने घेतलं नाही. कुणाला विचारलं तर म्हणतात, आम्ही ओळखत नाही. तुझी आईसुद्धा! तू काय केलंयस या गावाचं? मला नवीन माणसाला गावाशी वाकडं घेऊन चालणार नाही रे. सोमवारी सांगतो."

स्ट्रुअनला समजावून सांगता येईना. 'ते माझ्यावर माया करतात म्हणून मला ओळखत नाहीत,' हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि घरी जाताना वाटेत त्याच्या मनातही किडा वळवळला. आपण समजलो तसं नसेलच तर? खरंच आपण कुणाला नको असलो तर? घरी येऊन त्याने आईला रेनीचं बोलणं सांगितलं. एफीने सुपाचं भांडं शेगडीवरून उतरवलं, टोपी डोक्यावर चढवली आणि दार धाडकन लावून निघून गेली.

सोमवारी रेनीच्या टेबलावर कराराचे कागद होते.

"तुझी आई आली होती," तो कपाळ चोळत म्हणाला. "बरोबर मेल्डरम आणि तो मयतीवाला मिल्न. तुझ्या आईने मला आधी मूर्ख म्हटलं. मग सांगितलं, की आम्ही एकदा या पोराला इतकं डोक्यावर घेतलं की त्याला खाली उतरता येईना. या खेपेला त्याला मोकळं खेळू द्यायचं आम्ही ठरवलं. मी म्हटलं, ठरवलं म्हणजे? बैठक घेतलीत? तर मेल्डरम म्हणाला, बैठक कशाला? कुणाला अक्कल नाही का?" रेनीने पेन पुढे केलं. "माझी बायको म्हणते, या गावात आपण फार दिवस काढायचे नाहीत. कर सही."

स्ट्रुअन पुढे थिसलसाठी सात मोसम खेळला. एकदा संघ वरच्या विभागात गेला, पुढच्याच वर्षी इमानेइतबारे खाली आला. गुडघा थंडीत कुरकुरायचा, पण चालला आणि पळलाही. आता तो गावातल्या मुलामुलींना शिकवतो. कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा सामना कुठला, असं कुणी विचारलं तर ग्लासगोचं नाव घेत नाही. सही केल्यानंतरचा पहिला शनिवार सांगतो.

त्या दिवशी गारठा होता, वारा समुद्रावरून सुसाट येत होता. दोन्ही संघ मैदानात उभे होते. सँडी मिल्नने भोंग्यातून संघ वाचायला घेतला. सातव्या नंबरापर्यंत नेहमीसारखा जड आवाज. मग तो थांबला, आणि मयतीवाल्या सँडीचा आवाज कधी नव्हे तो चढला. "क्रमांक आठ, स्ट्रुअन लॉरिमर!"

टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. कुंपणाला टेकलेला डोड मेल्डरम सरळ उभा राहिला. आत्ताच गाडीतून उतरलेल्या माणसाला बघावं तसं त्याने स्ट्रुअनकडे बघितलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे स्ट्रुअन! तू कधी आलास?"

मग बेकरीवाली मॅगी ओरडली, "कधी आलास रे?" मग खाटीक, मग मासळीबाजारातले, मग अख्खं कुंपण. "कधी आलास? कळवायचं तरी! कसा आहेस?" जो तो हात हलवत होता, आणि रेफरी शिट्टी तोंडात धरून ताटकळत उभा होता.

एफी लॉरिमर सामन्याच्या दिवशी टपरी सोडून कधी बाहेर आली नव्हती. आज ती हात पुसत कुंपणाशी आली. स्ट्रुअन मैदान सोडून तिच्याकडे धावत गेला. रेफरीने काही म्हटलं नाही. तिने त्याचा चेहरा खिम्याचा वास येणाऱ्या दोन्ही हातांत धरला.

"आलास?" ती म्हणाली.

"आलो गं आई," तो म्हणाला.