एर्मिनियाने न वाचलेला कागद

उभी हयात माझी नाटकात गेली. कबाइग्वानपासून सांतियागोपर्यंत टाळ्या घेतल्या, शिट्ट्या घेतल्या, एकदा सडकी पपईसुद्धा घेतली. पण एर्मिनिया ब्रितोला लाभला तसा प्रेक्षक मला कधी लाभला नाही. ती नटी नव्हती. आमच्या गावच्या सिगारच्या कारखान्यात ती वाचकबाई होती. लांबलचक दालनात माणसं रांगेने बसून तंबाखूची पानं वळायची आणि उंच चौथऱ्यावरून एर्मिनिया त्यांना वाचून दाखवायची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आवाज असा, की अर्ध्या बहिऱ्या क्रेसेन्सिओलाही खलनायकाचा राग यायचा.

कादंबरी कुठली लावायची, ते दालन ठरवायचं. प्रत्येकाच्या हातात पान कापायची बिनमुठीची सुरी असे. पसंती असेल तर ती समोरच्या लाकडी फळीवर वाजवायची. देशात पक्ष एकच. मतदानाचा निकाल आधीच ठाऊक. पण या खडखडाटाला आमच्या गावात खरंच किंमत होती.

१९८०चा मे महिना होता. देश सोडून समुद्रापलीकडे मायामीला जायला निघालेल्यांच्या दारांवर तेव्हा गद्दार म्हणून अंडी फेकली जात होती. रेशनवर खायला मिळेनात, फेकायला कुठून येत होती कोण जाणे! चौथ्या रांगेतल्या एवेलिओने देश सोडायचा अर्ज केला. दुसऱ्या दिवशी त्याला मुद्दाम त्याच्या जागेवर बसवून ठेवलं आणि व्यवस्थापक रोदोबाल्दो एक कागद घेऊन चौथऱ्याशी आला. कामगारांच्या नाट्यमंडळाची तालीम घ्यायला मी आलो होतो, दाराशीच उभा होतो.

एर्मिनियाने कागदावरून नजर फिरवली. एवेलिओ गद्दार, समाजाचा गाळ. सुटी होताच सर्वांनी त्याच्या घरावर चालून जावं.

"हे कोणी लिहिलंय?" तिने विचारलं.

"कारखान्याने."

"कारखाना तर हा समोर बसलाय. थांबा, त्यालाच विचारते."

"बाई, विचारायचं काही नाही. वाचायचं."

"या दालनात विचारल्याशिवाय मी काही वाचत नाही, कॉम्रेड. तुमच्या आधीपासूनची रीत आहे."

तिने माइक जवळ ओढला. "मंडळी, आपल्या एवेलिओवर चिखल उडवणारा कागद आलाय. वाचावा असं वाटतं त्यांनी सुरी वाजवा."

एवेलिओची मान खाली होती. तीन-चार सुऱ्या भीतभीत टकटकल्या. माणसं वाईट नव्हती, घरी पोरंबाळं होती.

"कॉफीत चमचा फिरवताय की मत देताय?" एर्मिनिया म्हणाली.

"मिनिया, माझी मोजू नकोस गं!" क्रेसेन्सिओ मागून ओरडला. "मला वाटलं, कादंबरीचं विचारतेयस!"

दालन हसलं. तेवढ्याने भीतीचा विळखा सैल झाला. एकही सुरी वाजेना.

रोदोबाल्दो लालबुंद झाला. त्याने माइक हिसकावून स्वतःच वाचायला घेतलं. पहिलं वाक्य संपायच्या आत मधल्या रांगेतून एक सुरी वाजली. मग दुसरी. मग सगळं दालन खणाणलं. तो थांबला की सुऱ्या थांबत, त्याने तोंड उघडलं की पुन्हा सुरू. "पुरे!" तो ओरडला, तर वन्समोअर मिळाल्यासारखा कडकडाट. कागदातला एक शब्द कुणाच्या कानी पडला नाही. आणि वाहवा केली म्हणून शिक्षा तरी कुणाला करणार?

एवेलिओ पुढच्या आठवड्यात बोटीत बसला. त्याच्या घरावर दोघे-तिघे गेले होते, नाही असं नाही. पण दालन गेलं नाही.

राग निघाला एर्मिनियावर. "माइकवर एवढंच म्हणा, 'माझी चूक झाली,'" रोदोबाल्दो तिला म्हणाला. "खुर्ची तुमचीच."

ती खुर्ची तिचा जीव होती. मी समजावायला गेलो. "मिनिया, तीन तर शब्द. मी रंगमंचावर याहून वाईट संवाद म्हटलेत."

"तू खाली उतरून कपडे बदलतोस रे बाबा," ती म्हणाली. "मी तिथं माझ्याच कपड्यांत बसते."

ठरल्या दिवशी ती चौथऱ्यावर चढली. रोदोबाल्दो हाताची घडी घालून खाली उभा होता. तिने माइक सारखा केला, कादंबरी उघडली आणि म्हणाली, "गुरुवारी आपण थांबलो होतो, तेव्हा कप्तानाची बायको बंदरावर पोचली होती." आणि वाचू लागली.

माइक बंद केला गेला. तिने आवाज चढवला. लोकांनी पानं खाली ठेवली, सुऱ्या आडव्या केल्या, कुणी खुर्चीही सरकवेना. काय सांगू, असली शांतता मी भरल्या नाट्यगृहातही ऐकलेली नाही! प्रकरण संपेपर्यंत तिने वाचलं, पुस्तक मिटलं आणि आपण होऊन पायऱ्या उतरली.

खुर्ची तिला पुन्हा मिळाली नाही. पेन्शनीपर्यंत मागच्या कोंदट खोलीत, बायकांमध्ये बसून तिने पानांच्या शिरा काढल्या. चौथऱ्यावर तिच्या जागी रेडिओ आला.

खुर्ची गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुटीत क्रेसेन्सिओ आपला डबा घेऊन त्या मागच्या खोलीत आला आणि पोत्यावर बसला.

"हं, बंदरावर पोचली. पुढं?"

एर्मिनियाने हात पुसले.

"जोरात सांगेन," ती म्हणाली. "दार उघडं ठेव."