चौथं प्रकरण

नांदेडला मी कॉलेजात शिपाई आहे. आमच्याकडं बायकांच्या सारवणावर पीएच.डी. करणाऱ्या बिलोलीच्या बाईच्या नखांत कायम शेण असायचं. बोलतानाही हात सारवल्यासारखा फिरायचा. "मामा, सारवण बघून मी बाई वळखते," म्हणायची.

प्रबंधात तिनं तीनच प्रकरणं लिहिली, चौथं सारवून दाखवीन म्हणाली. परीक्षकांनी कळवलं, सारवणं म्हणजे संशोधन नव्हे. चौथं प्रकरण लिहून आणा.

तोंडी परीक्षेच्या सकाळी तिनं त्यांच्या खोलीसमोरचा व्हरांडाच सारवून टाकला. परीक्षकांतले एक साहेब माझ्यावर खेकसले, "धुऊन काढ हे!"

मी बादली उचलली. ती आडवी आली. "सर, हेच चौथं प्रकरण हाय. वाळू द्या, मग वाचा."

मी बादली खाली ठेवली. तिन्ही परीक्षक खेड्यातलेच. ओल्या सारवणावर पाय टाकायची एकाचीही छाती झाली नाही.