धडामदादाचे हात

माझ्या थोरल्या भावाला गल्लीतली पोरं धडामदादा म्हणतात. दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचं काम त्याचं. वहिनी लवकर गेली. पोरीला त्यानं त्याच कामावर वाढवलं, शिकवलं. त्यात डावा कान साफ गेला आणि हळू बोलणं कायमचं सुटलं. देवाचं नावसुद्धा तो ओरडूनच घेतो. मी म्हणते, अरे, देव काही बहिरा नाही!

पोरीचं लग्न नवरदेवाच्या शहरात ठरलं. व्याही-विहीण पोरीला न्यायला इकडे आले होते, म्हणून आदल्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकाच विमानानं निघालो. निघताना भाचीनं बापाला बजावलं, "बाबा, आपलं सिमेंट-विटांचं दुकान आहे असं सांगितलंय त्यांना. खाणीचं नाव काढू नका. बोलूच नका शक्यतो."

"मी कशाला बोलतोय? तुझं लग्न डोळ्यांनी बघितलं की झालं माझं!" दादा म्हणाला. अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं.

विमानतळावर तपासणीच्या रांगेतून दादालाच बाजूला काढलं. तळहातांवर कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घातली. यंत्र कोकललं. दुसरी पट्टी घातली, तरी तेच.

"हाताला स्फोटकाचा अंश आहे," तपासनीस म्हणाला. "काम काय करता?"

समोरच्या बाकावर विहीणबाई बूट चढवत होत्या. त्यांचे हात थांबले.

"दुकान!" दादा गरजला.

"कसलं?"

"सिमेंटचं!"

"सिमेंटनं हे होत नाही, काका. कुठं आहे दुकान?"

दादानं पोरीकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडझाप करत होती. तपासनिसाच्या कानात सांगावं म्हणून मी पुढे झाले, तर दादानं माझं मनगट असं आवळलं की शब्द तोंडातच राहिला.

"काय गं, तुझे बाबा विकतात तरी काय नक्की?" विहीणबाई हसल्या.

भाचीही हसली. "काहीतरी गफलत झाली असेल. आपण होऊ या ना पुढे." आणि गेली.

व्याही मात्र भला माणूस. "मी थांबतो. यांना असं सोडून कसं जायचं?" म्हणत दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्यादेखत दादा कसा बोलणार? देवा, या माणसाला इथून ने, असा धावा मी करत राहिले. देवानं नेलं, पण विमानाची शेवटची हाक झाल्यावर.

ते गेले तसा दादा ओरडला, "खाणीत सुरुंग लावतो मी! जन्मभर तेच केलंय!" आणि आतल्या खिशातलं खाणीचं ओळखपत्र टेबलावर आपटलं.

तपासनिसानं एक फोन केला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे आधी नाही का सांगायचं? पाच मिनिटांचं काम होतं."

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. लग्न सकाळी. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. दादाच्या फोनचा आवाज मोठाच ठेवलेला असतो. मला शब्द न् शब्द ऐकू आला. "तुमचं पोट बिघडलं म्हणून सांगितलंय सगळ्यांना. तुमच्या जागी मामा उभे राहिले. एका परीनं बरंच झालं, बाबा. आता इतक्यात इकडे येऊ नका."

दादा मान डोलवत "हो हो" करत होता. फोन त्यानं डाव्या कानाला धरला होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"खूश आहे!" दादा म्हणाला. गल्लीभर ऐकू गेलं.