मढपर्यंत, गाडीशिवाय

बाबांचे डोळे जाणार, हे ठाण्याच्या डॉक्टरांनी दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी सांगितलं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. उजवा गेल्यातच जमा होता, डाव्याचा भरवसा नव्हता. "मुंबईला परळच्या बाजूला डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे एकदा दाखवून घ्या," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मी फोन करून नंबर लावला. डिसेंबरातला एक गुरुवार मिळाला.

बाबांनी तीस वर्षं टेम्पो चालवला. भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमवरचं कापड भरायचं, कशेळीचा पूल ओलांडायचा आणि मुंबईच्या बाजारात नेऊन उतरवायचं. टेम्पो विकून आता चार वर्षं झाली होती. आमचं घर कशेळीला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. आई गेल्यावर बाबा एकटे होते. पुढे माझा नवरा वारला आणि मीही कोन गावचं सासर सोडून इथेच राहायला आले. मी निजामपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवते. भावंड मला नाही.

तर गुरुवारची तयारी. बाबांना प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन, दर तासा-दीड तासाला लघवीला जावं लागे, आणि उतरताना पायरी दिसत नसे. ट्रेनला ते नको म्हणाले. फलाट आणि डबा यांच्यातली फट दिसत नाही, या वयात त्यात पाय घालायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेच्या जुन्या वहीत लिहायला घेतलं. कशेळीहून बसने ठाणे, तिथून मुलुंडचा चेकनाका, तिथून दादरकडे जाणारी बस. कुठल्या स्टॉपजवळ शौचालय आहे, कुठे रस्ता ओलांडायला पुलाचे जिने चढावे लागतील, हे मी शाळेतल्या बायकांना विचारून विचारून लिहिलं. इन्सुलिनसाठी बर्फ घालून थर्मास न्यायचा ठरवला.

बाबा ऐकत होते. मध्येच म्हणत, "नाक्यावर गाड्यांची रांग लागंल, दोन तास धरून चाल."

"बाबा, तो जकात नाका कधीच बंद झाला."

"हां. झाला न्हाय का."

तीस वर्षं त्या शहरात गेलेला माणूस, पण त्याला तिथलं गोदामाचं दार आणि ट्रकचा तळ तेवढा ठाऊक. तिथे माणसं पायी कशी चालतात हे त्यांनी काचेतूनच पाहिलं होतं.

मी वही मिटणार तोच ते म्हणाले, "एक रात राहू. दुसऱ्या दिवशी मढला जाऊ. बायकडं."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. तिचं सासर मढला, समुद्रकाठी. आमच्या घरात तिचं नाव बावीस वर्षं निघालं नव्हतं, आणि का निघालं नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आजोबांची खाडीलगतची जमीन बाबा आणि आत्या दोघांच्या नावावर होती. कशेळीत गोदामं उठू लागली तेव्हा एक बिल्डर बाबांच्या मागे लागला. बहिणीची सही हवी होती. बाबा टेम्पो घेऊन मढला गेले आणि आत्याला सांगितलं, आपल्या आईच्या नावचा लाइटचा मीटर बदलायचाय, तुझी सही लागते. तिला भिवंडीच्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात आणलं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. साक्षीदार म्हणून मलाही नेलं होतं. आत्याला आपलं नाव लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं. बाकावर बसून तिनं तो कागद माझ्यापुढे धरला. "काय लिवलंय गं पोरी?" मथळ्यावर ठळक अक्षरात 'हक्कसोड पत्र' लिहिलं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मीटरचंच आहे, आत्या. साहेबानं विचारलं तर हो म्हण." तिनं हो म्हटलं आणि सही केली. तिच्या सहीखाली मी माझी केली.

सहा महिन्यांनी जमिनीवर पत्र्याची शेड उभी राहिली तेव्हा तिला कळलं. ती एकदाच आली. दारातून आत आली नाही. आईशी दोन शब्द बोलली आणि गेली. आई वारली तेव्हाही आली नाही.

"तुम्हाला बरं वाटत असेल तर जाऊ," मी म्हणाले. "पण मढ लांब आहे, बाबा. दुसऱ्या दिवशी तरी गाडी करू. शेजारचा रिक्षावाला ओळखीचा आहे, त्याच्या भावाची गाडी आहे."

"न्हाय. बायच्या दारात गाडीतून उतरायचं न्हाय."

त्यांनी एवढंच सांगितलं. मी पुन्हा वही उघडली. दादरहून बसने अंधेरी, अंधेरीहून मेट्रोने वर्सोवा, तिथून रिक्षाने धक्का, आणि धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडून मढ. मनात आलं, बाबांना दिसेनासं होण्याआधी बहिणीला बघायचंय. मला मात्र तिनं बघू नये असं वाटत होतं.

गुरुवारी पहाटेच निघालो. ठाण्यापर्यंत बरं गेलं. मुलुंडहून बस मिळाली, पण घाटकोपरच्या पुढे ती हलेचना. बाबांना लघवीला लागली. माझ्या वहीतलं शौचालय अजून चार स्टॉप पुढे होतं. मी कंडक्टरला सांगितलं, त्यानं गाडी थांबवली, पण उतरेपर्यंत उशीर झाला होता. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पँट ओली, आणि म्हणाले, "माणसं बघतात का गं?"

"कुणी बघत नाही," मी म्हणाले. स्टॉपवर आठ-दहा माणसं उभी होती.

एका इमारतीच्या वॉचमननं आम्हाला मागचा नळ दाखवला. पिशवीत दुसरी पँट होती. बाबांनी ती बदलली आणि ओली स्वतः पिळून पिशवीत घातली, मला हात लावू दिला नाही.

हॉस्पिटलात डोळ्यांत थेंब घालून बसवलं. मग मशिनी, मग पुन्हा थेंब. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. माझ्याच वयाच्या होत्या. त्या सरळ बोलल्या आणि त्याबद्दल मला त्यांचा राग आला नाही. उजव्यात आता करण्यासारखं काही नव्हतं. डाव्यात इंजेक्शन देता येईल, पण नजर टिकेल असं मी सांगणार नाही, म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, "उद्या दिसंल का?"

"उद्या? हो काका, उद्या दिसेल. थेंबांचा असर सकाळपर्यंत उतरेल."

"मग झालं," बाबा म्हणाले.

इंजेक्शनसाठी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. रात्री आम्ही जवळच्या धर्मशाळेत पेशंटच्या नातेवाइकांमध्ये चटईवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला पोचेपर्यंत दहा वाजले. मेट्रोत एका मुलीनं उठून बाबांना जागा दिली. वर्सोव्याच्या धक्क्यावर वाळत्या मासळीचा वास आला तेव्हा बाबांनी मान वर केली. होडीत चढायला मात्र ते घाबरले. खाडीकाठचा माणूस, लहानपणी डोळे मिटून होडीवर उडी मारणारा. आता फळीवर पाय टाकायच्या आधी बुटाच्या टोकानं ती दोनदा चाचपली. होडीवाल्यानं त्यांना दंडाला धरून पोत्यासारखं आत घेतलं.

मढला आत्याचं घर विचारत गेलो. दारापुढे बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. आत्या ओट्यावर सुक्या मासळीची निवड करत बसली होती. ती अगदी बारीक झाली होती, केस पांढरेफेक. सून दारात आली आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. बाबाच बोलले.

"बाय, मी."

आत्यानं हातातलं काम सोडलं नाही. आमच्या मागच्या वाटेवर नजर टाकली. मग म्हणाली, "गाडी कुठं लावलीस?"

"गाडी न्हाय. इकली. बशीनं आलो, होडीनं आलो."

"मग आता सह्या करायला माणसांना कसा नेतंस?"

बाबा उभेच होते. मी त्यांचा हात धरला होता. "माझे डोळे चालले, बाय," ते म्हणाले. "एकदा तुला बघावं म्हणून आलो. चुकलो मी."

"चुकलास? चुकतं कोण? ज्याला वाट माहीत नसते तो. तुला वाट माहीत होती." तिचा आवाज चढला नव्हता, मासळी निवडता निवडता बोलत होती. "मना पुढं बसवलंस त्या दिवशी. डायवरच्या बाजूला. जन्मात पहिल्यांदा गाडीत पुढं बसले मी. भिवंडीपर्यंत हसत गेले. ते मना अजून आठवतं, त्याचीच लाज वाटते. जमिनीचं सोड."



मग ती माझ्याकडे वळली. "आणि ह्याचं मी काय धरत न्हाय. भाऊ असेच असतात. मी तुला इचारलं होतं. तू शिकलेली होतीस."

बावीस वर्षांत मी हा प्रसंग मनात कितीदा घोळवला होता. त्यात माझ्याजवळ सांगायला बरंच काही असे. मी लहान होते, बाबा बघत होते, मला पूर्ण अर्थ कळला नव्हता. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच आलं, "हो आत्या. मी वाचलं होतं. मला कळलं होतं."

बाबांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. का, ते मला माहीत नाही. कदाचित त्यांना इतकी वर्षं वाटत असेल की मला खरंच कळलं नव्हतं.

आत्या उठली. "जेवून जा. उपाशी कुणाला धाडत न्हाय मी."

सुनेनं ओटीवर दोन ताटं वाढली. तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, भात. आत्या आमच्याबरोबर बसली नाही, दाराशी उभी राहिली. बाबांना इन्सुलिन टोचून मी जेवायला बसले. बाबा चाचपत जेवत होते. कालवणातला मासा काटेरी होता. दुसऱ्याच घासाला त्यांना ठसका लागला, काटा घशात रुतला होता. मी कोरड्या भाताचा मुटका दिला, तो गिळल्यावर काटा उतरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पुन्हा मासा उचलला.

आत्या दारातून आली, त्यांच्यापुढे खाली बसली, आणि ताट आपल्याकडे ओढलं. एकेक तुकडा फोडून तिनं काटे काढले, निवडलेला मासा भातावर ठेवला आणि ताट परत सरकवलं. बाबा खाली मान घालून जेवले. ताट रिकामं होईपर्यंत ती तशीच बसून होती.

हात धुतल्यावर ती म्हणाली, "बघितलंस ना? आता परत येऊ नको."

धक्क्यापर्यंत सून सोडायला आली. तिला जुनं काहीच माहीत नव्हतं. "मामा पुन्हा या हां," असं ती म्हणाली.

परतताना ठाण्याहून कशेळीच्या बसमध्ये बसल्यावर बाबांनी विचारलं, "बायचे केस सगळे पांढरे झाले, न्हाय?" मी हो म्हटलं.

इंजेक्शनं घेतली. होळीपर्यंत डावा डोळाही गेला. त्याच सुमाराला बाबांनी मला वकिलाकडे पाठवलं. गोदामाची जमीन केव्हाच दुसऱ्याच्या नावावर गेली होती, तिथे काही करण्यासारखं नव्हतं. राहतं घर आणि मागची वाडी उरली होती, त्यात आत्याचं नाव लावायचं ठरलं. मी कागद तयार करून घेतले आणि आत्याच्या मुलाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी त्याचा उलटा फोन आला.

"आई न्हाय म्हणते. भिवंडीच्या ऑफिसात मी पुन्हा पाय ठेवणार न्हाय, असं म्हणते."

"मग मी कागद घेऊन मढला येते," मी म्हणाले. "तुम्ही वाचून दाखवा तिला. कुणाकडूनही वाचून घ्या."

तो म्हणाला, "ताई, कागदच नको म्हणते ती."

वाडीचा तो कागद अजून कपाटात आहे, बाबांची सही असलेला. बाबांना मी आत्याचं उत्तर सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते. रस्त्यावरून कंटेनर जात होते. ते म्हणाले, "तिचं बरोबर हाय." पुन्हा त्यांनी तिचा विषय काढला नाही.

मी मात्र महिन्यातून एकदा तिला फोन करते. ती उचलते. "ऐकते," म्हणते, आणि पुढे काही बोलत नाही. मी बाबांची साखर किती आहे, काय जेवले, शाळेत काय झालं ते सांगते. पलीकडे तिचा श्वास ऐकू येतो, कधी सुनेचा आवाज, कधी कुणाच्या होडीचं इंजिन. माझं सांगून झालं की ती फोन ठेवते.