तुम्ही गेल्यावर मी येतो

विम्याच्या धंद्यात कमिशन हळूहळू जमतं, किस्से मात्र भराभर साठतात. कमिशन खर्चून झालं. किस्से उरले. रविवारी आम्ही चार म्हातारे कॉफीला बसलो की मंडळी ते माझ्याकडून वदवून घेतात. सांगताना मी हसत नाही, म्हणून त्यांना जास्त हसू येतं.

माझी शाळा थोडीच झाली. त्यावाचून माझं काही अडलं नाही. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत बेंगळूरच्या चिकपेटेत एका साडीच्या दुकानावर, जिन्याच्या वळणावर माझी खोली होती. पाटी माझी, टेबल माझं. कंपनी सरकारी, पण एजन्सी माझी एकट्याची! कुणाला सलाम करायचा नाही. फक्त वर्षाला ठरलेलं काम भरलं पाहिजे. नाही भरलं तर एजन्सी जाते, पाटी उतरते.

तशी पाटी उतरायची वेळ आली ती मोहनमुळे. पुण्याहून आलेला तरुण. समोरच्याच जिन्यावर त्यानं ऑफिस थाटलं. गळ्यात टाय, कमरेला पेजर. स्वतःचं कमिशन तो गिऱ्हाइकाला सूट म्हणून वाटून टाकायचा. कायद्यात ते बसत नाही. पण चिकपेटेत कायद्यापेक्षा सूट जुनी!

* * *

चिकपेटेत कुणी सांगितलेल्या किमतीला वस्तू घेतली तर दुकानदारालाच काळजी वाटते. नारायणप्पा म्हणून एक जरीचे व्यापारी होते. मी त्यांना पॉलिसी समजावली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "रावरे, आता लास्ट बोला."

इथे आम्हा मराठी माणसांना सगळे राव म्हणतात. मान द्यायचा असला की रावरे. मानानंतर बहुधा घासाघीस येते.

"हाच लास्ट," मी म्हटलं.

"तिघा भावांची एकदम घेतो. चौथी फ्री लावा."

"चौथा भाऊ आहे?"

"नाही. तुम्ही फ्री तर द्या, नाव मी शोधतो!"

"फ्री नाही. सूटही नाही."

"समोरचा मोहन देतो. मग तुम्ही काय देता?"

मी म्हटलं, "तुम्ही गेल्यावर मी येतो."

नारायणप्पांची कॉफी बशीत सांडली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी पेन उघडलं, तिन्ही अर्ज पुढे ओढले आणि म्हणाले, "सरी, चालेल, रावरे. पण सावकाश या!"

* * *

हे वाक्य मी पुढे सगळ्यांनाच सांगू लागलो. आणि पाळूही लागलो. माझं गिऱ्हाईक गेलं की पहिला मी. खांदा द्यायचा, बाराव्या-तेराव्यापर्यंत थांबायचं, मग कागद करून चेक घरी पोचवायचा. एकाही बाईला मी ऑफिसचा जिना चढायला लावला नाही.

त्याचा एक परिणाम माझ्या आधी लक्षात आला नव्हता.

एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं. मला पत्रिका आली, म्हणून गेलो. इस्त्रीचं पांढरं धोतर नेसून गेलो. मंडपात शिरलो तर नवऱ्या मुलाची आजी मला बघून मोठ्यानं म्हणाली, "अय्यो! कोण गेलं?"

नादस्वरवाल्याचा सूर तुटला.

यजमानांनी मला हाताला धरून खांबामागच्या खुर्चीवर बसवलं. पानही तिथेच वाढलं. त्यानंतर पत्रिका बंद झाल्या. गल्लीत लग्न झालं की लाडू जिन्यावर यायचे. लाडू चांगले असत. माझी तक्रार नाही.

* * *

माझ्या तोंडाचा फायदाही झालेला आहे.

बनशंकरीचे भीमराव, निवृत्त मास्तर, अंथरुणाला खिळले होते. अन्न सोडलं होतं. डॉक्टर म्हणत, औषधापेक्षा मनाची उभारी हवी. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. दारात उभा राहिलो. बोललो काहीच नाही.

भीमरावांनी डोळे उघडले. मला पाहिलं. कोपरावर भार देऊन उठून बसले आणि ओरडले, "अजून नाही!"

मग सुनेला म्हणाले, "अगं, बघत काय बसलीस? रव्याची इडली लाव!"

महिनाभरात ते फिरायला जाऊ लागले. फी डॉक्टरांनी घेतली.

* * *

मार्केटात फुलं विकणारी गौरक्का माझ्याकडून पॉलिसी घेणारी पहिली बाई. पैसे मागेपुढे नवऱ्याला मिळावेत म्हणून तिनं त्याचं नाव लावलं. आठवड्यानं जिना चढून आली.

"रावण्णा, त्याचं नाव काढा. भावाचं घाला."

घातलं. पुढच्या महिन्यात परत आली. "भावाचं काढा. त्याच्या बायकोनं मला नाही नाही ते सुनावलं. नवऱ्याचं घाला."

असं चाललं. गौरक्का माझ्या जिन्यावर दिसली की खाली लोक तिच्या नवऱ्याला विचारत, "काल काय झालं?" तो बिचारा कंटाळला. एक दिवस म्हैसूरपाकाचा डबा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "राव, तिनं अर्ज दिला की स्वल्प थांबा. लगेच पाठवू नका."

डबा मी परत केला. पण बोलणं शहाणपणाचं होतं. तेव्हापासून मी अर्ज टेबलावर ठेवत असे आणि सोमवारी तिला विचारत असे, "गौरक्का, पाठवू?"

सोमवारी गौरक्का म्हणायची, "कुठला अर्ज?"

* * *

गोविंदप्पा लोखंडी सामानाचे व्यापारी. विमा घ्यायला ते कधीच नाही म्हणाले नाहीत. आषाढात गेलो तर म्हणाले, "आषाढात नवीन काम नको." श्रावणात शुक्रवारी गेलो तर, "आज लक्ष्मी घराबाहेर काढत नाही." मंगळवारी, "मंगळवार आहे." सोमवारी सकाळी गेलो तर त्यांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. राहुकाळ!

मी उठलो. दारातून विचारलं, "गोविंदप्पा, हे सगळं यमाला कळवून ठेवलंय ना? आषाढात नको, मंगळवारी नको, सकाळी राहुकाळात नको?"

त्यांनी मला परत बोलावलं. तिथल्या तिथे सही केली. सही झाल्यावर घड्याळाकडे लक्ष गेलं. "अय्यो! राहुकाळ संपला नाही!"

अर्ज मी पिशवीत टाकला होता. म्हटलं, "असू दे. राहू साक्षीदार."

* * *

मोहन वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. जिन्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. एकदा म्हणाला, "काका, रागावू नका, पण तुम्ही थोडं स्माइल करत जा. सेल्समध्ये स्माइल इम्पॉर्टंट असतं."

मी म्हटलं, "माझा माल हसण्यासारखा नाही."

तो हसला. त्याचं बरोबरही होतं म्हणा. गिऱ्हाइकं त्याच्या जिन्यावर चढत होती, माझ्या जिन्यावर लाडू चढत होते. एका मार्च महिन्यात कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "राव, या महिन्यात मोठं काम आणा. नाहीतर एजन्सी वाचणार नाही. वय झालंय, घरी बसा. नाही तर मोहनच्या हाताखाली काम करा, तो घेईल तुम्हाला."

हाताखाली! मी साहेबांचा चहा न पिता उठलो.

मोठं काम चिकपेटेत एकच उरलं होतं. व्यंकटेश शेट्टी. ठोक साड्यांचं दुकान, दोन मुलं, एक जावई, तिघांचाही विमा नाही. शेट्टींबरोबर माझी रोजची बाय-टू कॉफी होती. एक कॉफी, दोन पेले. कित्येक वर्षांची. पण विम्याचं काढलं की म्हणायचे, "बघू. मोहन सूट देतो. तुम्ही?"

"तुम्ही गेल्यावर मी येतो."

"मग गेल्यावरच बघू!" असं म्हणून ते आपला पेला संपवायचे.

* * *

आता शेवटचा.

शेट्टींचं दुकान कधी बंद नसायचं. त्यांची सासू गेली त्या दिवशीही अर्धं शटर वर होतं. त्याच मार्च महिन्यात एका सकाळी मी कॉफीला गेलो, तर शटर पूर्ण खाली. कुलूप. पायरीवर नोकरसुद्धा नाही.

मी पायरीसमोर उभा राहिलो. विचारायचं काय आणि कोणाला? शेट्टींचं शटर खाली याचा अर्थ एकच. शेट्टी गेले. कॉफीतला जोडीदार गेला. शेट्टींबरोबर ते कामही गेलं, म्हणजे माझी पाटीही गेली. पण शब्द दिला होता. पॉलिसी घेतली नव्हती म्हणून काय झालं?

मार्केटात गेलो. गौरक्कानं माझं तोंड पाहिलं. काही विचारलं नाही. मोठा, जाड, तसल्या कामाचाच हार उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अय्यो पाप, बिचारे." रिक्षात बसलो. पत्ता सांगितला. बेंगळूरचा रिक्षावाला, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि मीटरवर एक रुपयाही जास्त मागितला नाही!

बनशंकरीत शेट्टींच्या दारात मांडव. बाहेर चपलांचा ढीग. आतून मंत्र, धूर. अशा घरात मी मान वर करत नाही. खाली बघत, लोकांच्या मधून वाट काढत सरळ आत गेलो. मंत्र थांबले. मी हार दोन्ही हातांत धरला, मग वर पाहिलं.

समोर शेट्टी. पाटावर ताठ बसलेले. नवं रेशमी धोतर. शेजारी शेट्टीअक्का, नवरीसारख्या नटलेल्या.

साठीशांत होती! अक्कांनीच सांगितलं होतं, विम्याचा माणूस शुभकार्याला नको. म्हणून मला कळवलं नव्हतं.

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. शेट्टी हाराकडे बघत होते. कुठला हार कशाचा, हे चिकपेटेत जन्म घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"शटर खाली होतं."

"म्हणजे मी मेलो म्हणून आलात?"

"शब्द दिला होता."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. थोरला मुलगा मला बाहेर काढायला उठला. शेट्टींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"त्या मोहनला पत्रिका दिली होती ना?"

"दिली होती, अप्पा. स्वतः नेऊन दिली."

"आला?"

"नाही. सकाळी पेजरवर मेसेजही टाकला."

शेट्टींनी पुन्हा हाराकडे पाहिलं. मग त्यांनी मान पुढे केली.

"घाला."

"अय्यो, नको!" अक्का ओरडल्या.

"घाला म्हणतो ना!"

मी हार घातला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. भटजींनी हळूच मंत्र पुन्हा धरले.

शेट्टी हार सावरत म्हणाले, "दोन्ही मुलं आणि जावई. तिघांचे अर्ज घेऊन उद्या दुकानात या."

मी म्हटलं, "येतो. सूट मात्र मिळणार नाही."